इंग्रजी नामं आणि आपली सीमाभागातली मुलं – अनुभव लिहा

शहापूरची अक्का
भाच्याची सहामाहीची उत्तरपत्रिका बघत होते. 'द राइस आर गुड'वर लाल फुली आणि बाजूला शेरा, 'निष्काळजी'. जुनी शिकवणी आठवली आणि रागच आला. पोरगं निष्काळजी नाही हो. आपल्याकडे तांदूळ चांगले असतात, गहू चांगले असतात. घरात ऐकलेलंच त्यानं इमानानं लिहिलं. उलट कात्री एक, चष्मा एक, विजार एक. तिकडे सिझर्स, ग्लासेस, ट्राउझर्स, सगळ्यांना 'आर'. मी मुलांना वहीत दोन रकाने आखून द्यायची, आपल्याकडे कसं आणि तिकडे कसं. चूक कुठून आली ते कळलं की पोरं परत करत नाहीत. मराठी माध्यम, सोबत कन्नड, वर इंग्रजी, एवढं ओझं घेऊन शिकतात ही मुलं. तुमच्याकडे कुठं अडायचं?

निपाणीकर
केस राहिले की अक्का! धाकटा भाऊ 'हर हेअर्स आर लाँग'च लिहायचा. केस लांब आहेत असंच म्हणतो ना आपण.

टिळकवाडी_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन यांना एस लावू नका असं नुसतं पाठ करून घेतलं की आठवड्यात विसरतात. मी विचारायचो, दोन सामानं म्हणतोस का रे? चार माहित्या? नाही ना, मग तिकडेही नाही. लगेच पटायचं. अडचण सल्ल्याची आणि बातमीची, कारण सल्ले आणि बातम्या आपण मोजतो. अॅडव्हाइस मोजत नाहीत, 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस' म्हणायचं. न्यूजला शेवटी एस दिसतो तरी 'इज', आणि पोलीसला एस नाही तरी 'आर'. हे दोन मात्र घोकायलाच लावले.

खानापूर_रानातून
आमच्याकडे 'द'चा घोळ. मराठीत नाही, कन्नडात नाही, मग पोरांनी कुठून आणायचा? निबंधात मलप्रभा आली की 'द मलप्रभा', पण ती उगम पावते त्या कणकुंबीला काही नाही. नदीला लाव, गावाला लावू नको, एवढंच सांगून ठेवलंय. पाऊस लागलाय, रेंज जायलीय, नंतर लिहितो

मी_वडगावची
@खानापूर दादा, चोर्ला घाट चालू आहे का? रविवारी पणजीला जायचंय, सोबत लहान पोरं आहेत

गोकाकची_लेक
माझं माहेर कन्नड, सासर मराठी, म्हणून दोन्हीकडचं बघायला मिळतं. कन्नडात 'एरडु मने' (दोन घरं) म्हटलं की झालं, आकडा आला म्हणजे पुढं अनेकवचनाचं 'गळु' लावलंच पाहिजे असं नाही. म्हणून माहेरची मुलं 'टू हाऊस' लिहितात. सासरी वेगळंच. पुतणीनं निबंधात शाळेला 'शी' लिहिलं, ती शाळा म्हणून. कन्नडात वस्तूला बाई-पुरुष नसतं, त्यामुळे 'इट' माहेरच्या मुलांना सहज जमतं. मला मराठी शिकताना मात्र तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट करता करता रडू यायचं. सासूबाईंनी कधी हसून दाखवलं नाही, हळूच सांगायच्या. त्यांच्यामुळे आलं मला.

निपाणीकर
गोकाकच्या ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा 🙏

अनगोळकर
मदर-इन-लॉवरून आठवलं, अनेकवचनात एस मध्ये येतो. मदर्स-इन-लॉ, ब्रदर्स-इन-लॉ. आमचा दहावीचा पोरगा शेवटीच लावायचा. आता त्याचे दोन मामा आले की दारातूनच पप्पांचे ब्रदर्स-इन-लॉ आले म्हणून ओरडतो, तेव्हापासून पक्कं झालंय. कुकर झाला, जातो.

शहापूरची अक्का
मास्तर, ते 'चार माहित्या' फार आवडलं. भाच्याला आजच विचारते. शेरा मारणाऱ्या बाईंनाही भेटणार आहे, भांडायला नाही, बोलायला.

खानापूर_रानातून
रेंज आली. वडगावच्या ताई, घाट चालू आहे पण धुकं दाट आहे. उजेडात निघा, आणि जांबोटीच्या आधीच पोरांना खाऊ घाला.