मदत हवी आहे: क्षितिजाजवळच्या तेजोमेघांचे फोटो कसे काढायचे?

नमस्कार मंडळी, परसातून लगून (एम ८) आणि ट्रिफिड (एम २०) हे दोन तेजोमेघ एकाच फ्रेममध्ये घ्यायचा प्रयत्न चाललाय. अडचण अशी की दोन्ही आकाशात सगळ्यात उंच आले तरी माझ्याकडून जेमतेम २५ अंश वर असतात. ३० अंशांवरच डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवा मधे येते, त्याखाली तर विचारूच नका, त्यात त्या बाजूला दिव्यांचा उजेड पण आहे.

स्टॅक केल्यावर (बरेच फोटो एकावर एक जोडल्यावर) खालच्या बाजूला पिवळट ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारी झाक, राहतोच, आणि झूम करून बघितलं तर प्रत्येक ताऱ्याची एक कड निळी दिसते, समोरची लाल. फोकस चेक केलाय, तो बरोबर आहे, त्यामुळे हे वातावरणामुळेच होतंय असं माझं मत.

ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) लावला की लगून मस्त येतो, हायड्रोजन अल्फा (तेजोमेघातल्या हायड्रोजनचा प्रकाश) ६५६ नॅनोमीटरला असल्यामुळे हा लाल प्रकाश हवेतून बऱ्यापैकी टिकतो. पण ट्रिफिडचा तो सुंदर निळा भाग म्हणजे धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्यांचा प्रकाश, तो फिल्टरमध्ये जवळजवळ सगळा अडतो, आणि मला तर तोच हवाय!

मग निळ्यासाठी फिल्टर काढून वेगळे एक्स्पोजर घेऊन नंतर जोडावेत का? किती सेकंदांचे? आणि एडीसी (वातावरणामुळे फाकलेले रंग परत जुळवणारं उपकरण) एवढ्या मोठ्या फ्रेमला चालतो का, की तारे प्रोसेसिंगमध्ये आरजीबी (लाल, हिरवा, निळा) चॅनल अलाइन करूनच सुधारायचे? कोणी एवढ्या खालचं काही शूट केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.