लक्षात राहणं आणि आठवणं
‘लक्षात नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांत फरक फक्त बोलीचा, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. ‘लक्षात राहिलं नाही’ म्हणजे आत टिकलंच नाही. ‘आठवत नाही’ म्हणजे आत आहे, पण हाताला लागत नाही.

आईची स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनी तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले. ‘घड्याळ’ तिला सांगता येईना, पण ‘वेळ दाखवतं’ एवढं सुचवल्यावर लगेच बोलली. ‘गुलाब’ मात्र ‘फूल आहे’ सांगूनही नाहीच; ‘हा शब्द तुम्ही सांगितलाच नव्हता,’ म्हणाली. नेमका हाच फरक ओळखायला डॉक्टर अशी खूण देऊन बघतात. आणि माहेरच्या विहिरीची ‘आठवण येते’ ती वेगळीच. ती न बोलावता येते, रोज दिवेलागणीला.