टॅमॉक्सिफेनवर असलेले पुरुष पेशंट: वाफा, घाम, आणि मध्येच सोडलेल्या गोळ्या

प्रश्न: तालुक्याचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. पेशंट पुरुष, वय ५८, ऊस शेती. डाव्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालेलं. ईआर-पीआर (गाठीवरचे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर) दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रोटीन) निगेटिव्ह. कॅन्सर हॉस्पिटलने टॅमॉक्सिफेन (गाठीवर इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) २० मिलीग्रॅम, रोज एक, पाच वर्षांसाठी लिहून दिलंय. सध्या पाचवा महिना चालू आहे.

दिवसातून सात-आठ वेळा छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते. रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम. पोटऱ्यांत गोळे येतात, वजन साडेतीन किलो वाढलंय, चिडचिड आहे. पट्ट्या मोजल्या तर महिन्याला आठ-दहा गोळ्या उरतात. घाम फार झाला की दोन दिवस गोळी बंद, असं त्यांच्या मंडळींनी सांगितलं.

बाकी औषधं: बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. मधुमेह नाही. कॅन्सर ओपीडीची तारीख अडीच महिन्यांनी. तोवर इथून काय सुरू करता येईल आणि काय चुकूनही देऊ नये? शिवाय "बायकांना लेट्रोझोल देतात, तेच द्या" असा मुलाचा आग्रह आहे (लेट्रोझोल म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन बनणं अडवणारी गोळी). त्याला काय सांगू?

उत्तर १: कॅन्सर_फार्मसी

डॉक्टरसाहेब, उरलेल्या गोळ्यांपासून सुरुवात करा. टॅमॉक्सिफेन शरीरातून फार सावकाश उतरतं. पातळी निम्मी व्हायलाच पाच ते सात दिवस लागतात, आणि यकृतात त्यापासून तयार होणारी द्रव्यं त्याहून जास्त रेंगाळतात. त्यामुळे दोन दिवस गोळी सोडून घाम थांबत नाही. बरं वाटलं असेल तर ते त्या दिवशीच्या हवेमुळे. पण दर महिन्याला आठ-दहा गोळ्या सुटल्या की सरासरी पातळी पाव ते एक तृतीयांशाने खाली येते. त्रास तेवढाच आणि संरक्षण कमी, हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवा. शेतकरी माणसाला तो लगेच पटतो.

ही अडचण त्यांच्या एकट्याची नाही, हेही सांगा. चीनमधल्या ११६ पुरुषांच्या अभ्यासात पहिल्या वर्षी सुमारे ६५ टक्के जण गोळी नीट घेत होते, पाचव्या वर्षी १८ टक्के उरले. गोळी नीट न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ६४ पुरुषांपैकी १३ जणांनी त्रासामुळे औषध सोडलं होतं.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसरा दिवस उजाडला असेल तर ती सोडून द्यायची. एका दिवशी दोन गोळ्या कधीच नाहीत.

आता एक काम आजच करा. टॅमॉक्सिफेन आणि टॅमसुलोसिन ही नावं कानाला आणि डोळ्याला इतकी सारखी आहेत की घरच्या डब्यात आणि दुकानाच्या काउंटरवर, दोन्हीकडे अदलाबदल होऊ शकते. त्यात पेशंट पुरुष, म्हणजे प्रोस्टेटचीच गोळी असणार, असं दुकानदार गृहीत धरतो. टॅमसुलोसिन बहुधा ०.४ मिलीग्रॅमची कॅप्सूल असते, टॅमॉक्सिफेन २० मिलीग्रॅमची गोळी. पट्ट्यांच्या पाठीवर जाड मार्करने एकीवर "छाती", दुसरीवर "लघवी" असं लिहा आणि डबे वेगळे ठेवायला सांगा.

काय देऊ नये: टॅमॉक्सिफेनचं खरं काम करणारं रूप म्हणजे एंडॉक्सिफेन, आणि ते यकृतातल्या सीवायपी-२डी६ या एन्झाइममुळे तयार होतं. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि बुप्रोपिऑन हे एन्झाइम जोरात अडवतात. चिडचिडीसाठी किंवा तंबाखू सोडवण्यासाठी यातलं काही लिहिलं जाणार नाही एवढं बघा. याहून सहज होणारी चूक टर्बिनाफिनची. सततच्या घामाने जांघेत गजकर्ण होतं, मग त्वचेचे डॉक्टर २५० मिलीग्रॅमची गोळी काही आठवडे देतात. तीही हेच एन्झाइम अडवते आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम बरेच दिवस टिकतो. जांघेसाठी मलमावर भागवा. पोटातून औषध द्यायचीच वेळ आली तर आधी कॅन्सर हॉस्पिटलला फोन करा.

वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन. सावकाश सुटणारी ३७.५ मिलीग्रॅमची कॅप्सूल सकाळी जेवणाबरोबर, आठवड्याने ७५ मिलीग्रॅम. ती हे एन्झाइम फारसं अडवत नाही. फरक एक-दोन आठवड्यांत कळतो. पहिले काही दिवस मळमळते, बीपी वाढू शकतं, म्हणून दर आठवड्याला मोजा. लघवीला जोर करावा लागतो का तेही विचारा. बंद करताना एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. त्रास मुख्यतः रात्रीचाच असेल तर झोपताना गॅबापेंटिन ३०० मिलीग्रॅम हा दुसरा रस्ता. पण टॅमसुलोसिनही रात्रीच आहे. पहाटे लघवीला उठताना आधी खाटेवर दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येऊन पडतील. ऑक्सिब्युटिनिनचा वाफांवर उपयोग होतो, पण प्रोस्टेटवाल्याची लघवी अडकेल, म्हणून यांना नको.

हळदीबद्दल हमखास विचारतील. भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ द्या. मिरीचा अर्क घातलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूल मात्र बंद. त्यांनी एंडॉक्सिफेनची पातळी उतरल्याचं अभ्यासात दिसलंय.

उत्तर २: डेकेअर_सिस्टर

औषध सुरू करण्याआधी दोन आठवडे वही ठेवायला सांगा, सर. वाफ कधी आली, किती मिनिटं टिकली, आधी काय खाल्लं-प्यायलं, एवढंच लिहायचं. उकळता चहा, झणझणीत रस्सा, दारू, अंगात घातलेला टेरिकॉट शर्ट, यांपैकी निदान एखादं कारण वहीत वारंवार सापडतं आणि ते एक काढलं तरी दिवसाच्या दोन-तीन वाफा टळू शकतात. फडावर जाताना ओला पंचा मानेवर ठेवायचा. वाफेची चाहूल लागताच सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास. रात्री उशाशी कोरडं बनियन आणि सुती पंचा हाताला लागेल असा ठेवला की पूर्ण जाग न येता कपडा बदलता येतो. झोपमोड वाचली की चिडचिड निम्मी उतरते, हे घरच्यांना मुद्दाम सांगा.

रात्रीच्या घामाला सगळ्यात आधी टॅमॉक्सिफेनच आठवतं, पण टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि उपाशीपोटी साखर एकदा करून घ्या. ताप, खोकला किंवा वजनात घट असेल तर टीबीसाठी थुंकी तपासा. यांचं वजन वाढतंय ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

पोटरीचे गोळे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. दोन्ही पायांत, रात्री, ताण दिल्यावर सुटणारे असतील तर भिंतीला हात टेकवून टाच जमिनीवर दाबून धरायची, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा, झोपण्यापूर्वी. पण एकाच पायात दुखत असेल, पाय गरम किंवा सुजलेला असेल तर टेप घ्या. गुडघ्याखालचं नडगीचं हाड जिथे पुढे टेंगळासारखं लागतं, तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). फरक कमी आहे पण शंका वाटते, तरीही डॉपलर. पाय तेल लावून चोळायचा नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आपल्याकडे दुखऱ्या पोटरीला पहिला उपाय तोच होतो, आणि शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटू शकते. अचानक धाप, छातीत कळ किंवा थुंकीत रक्त आलं तर तालुक्यात वेळ न घालवता आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या पुरुषांत गुठळ्यांचा धोका पहिल्या दीड वर्षात सर्वांत जास्त असतो, म्हणजे हे अजून त्याच काळात आहेत. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं. हर्नियाचं किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं तर टॅमॉक्सिफेन काही आठवडे आधी थांबवायचं का, हे सर्जन आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं. पेशंटला हे माहीतच नसतं, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उत्तर ३: समुपदेशक_ताई

तुमच्या यादीत एक तक्रार नाही, डॉक्टर, आणि बहुतेक ती असणार. संबंधांची इच्छा कमी होणं, ताठरता न येणं किंवा न टिकणं. उत्तर १ मधल्या ६४ जणांत वजनवाढ आणि लैंगिक तक्रार या दोन्ही सारख्याच होत्या, प्रत्येकी २२ टक्के. वजनाचं ते बोलले, दुसऱ्याचं बोलणार नाहीत. मुळात "बायकांचा आजार" झाला म्हणून माणूस अर्धा खचलेला असतो. गोळीच्या खोक्यातला कागद उघडला तर त्यात पाळी आणि गर्भाशय. आपल्याला जे होतंय त्याचा या गोळीशी संबंध आहे, हे कळायला त्याला जागाच नसते. अशा वेळी कोणाला न सांगता गोळी सोडणं त्याला सोपं वाटतं.

मंडळींना बाहेर बसवून विचारा, आणि प्रश्न असा ठेवा: "या गोळीवर असलेल्या बऱ्याच पुरुषांना संबंधात अडचण येते, तुम्हाला कधीपासून?" "अडचण आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं.

उपाय आहे. सिल्डेनाफिल चालतं, पण टॅमसुलोसिन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही असल्यामुळे २५ मिलीग्रॅमपासून, टॅमसुलोसिनपासून निदान चार तासांचं अंतर ठेवून. संबंधाच्या तासभर आधी, तेलकट जेवणानंतर नाही. दोनदा जमलं नाही म्हणून फेकून द्यायचं नाही, सहा-आठ वेळा वापरून मग ठरवायचं. छातीसाठी जिभेखालची सॉर्बिट्रेट, कुठलंही नायट्रेट किंवा निकोरँडिल चालू असेल तर सिल्डेनाफिल पूर्ण वर्ज्य, कारण बीपी जीवघेणं कोसळतं. व्हेन्लाफॅक्सिनने वीर्यपतन लांबू शकतं, तेही आधीच सांगा, म्हणजे दोष टॅमॉक्सिफेनवर जाणार नाही.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल अजिबात नाही. शरीरातलं अ‍ॅरोमॅटेज एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेन बनवतं, म्हणजे ज्याला आपण रोखतोय त्यालाच खतपाणी. ताकदीच्या नावाखाली मिळणाऱ्या कॅप्सूल, शिलाजीत, जिमची पावडर, जे घरात असेल ते टेबलावर मांडायला सांगा. कशात काय मिसळलंय हे लेबलवरून कळत नाही.

चिडचिडीच्या मागे उदासी आहे का हे दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. "जगून काय करायचं" असं काही तोंडून आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कुटुंबाकडे असू द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, आज विचारलं. तीन महिन्यांपासून आहे म्हणाले. सिस्टर, टेपचा फरक अर्धा सेंटीमीटर, गोळे दोन्ही पायांत. वही आणि मार्करचं काम झालं. आता लेट्रोझोलबद्दल कोणी सांगा, मुलगा उद्या येतोय.

उत्तर ४: मेडिकल_ऑन्को

पुरुषाच्या शरीरातलं साधारण ८० टक्के इस्ट्रोजेन अ‍ॅरोमॅटेजमार्फत चरबीत वगैरे बनतं, २० टक्के थेट वृषणातून येतं. लेट्रोझोल पहिला भाग अडवतं, दुसरा उरतो. वर इस्ट्रोजेन उतरलं की मेंदू एलएच (वृषणाला कामाला लावणारं हार्मोन) वाढवतो, वृषण जास्त टेस्टोस्टेरॉन सोडतं आणि अ‍ॅरोमॅटेजला कच्चा माल वाढून मिळतो. म्हणून पुरुषाला एकटं लेट्रोझोल देत नाहीत. द्यायचंच झालं तर सोबत ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिनचं इंजेक्शन लागतं. ते वृषणाचं काम थांबवतं, म्हणजे वाफा, इच्छा जाणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं आत्तापेक्षा वाढेल. जर्मनीतल्या ५६ पुरुषांच्या 'मेल' चाचणीत इंजेक्शन जोडलेल्या गटांत लैंगिक कार्य स्पष्ट घसरलं होतं. मुलाला हे असंच सांगा. अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅस्कोच्या २०२० च्या मार्गदर्शनातही पुरुषांसाठी पहिली पसंती टॅमॉक्सिफेनलाच आहे. ते चालणारच नसेल, उदाहरणार्थ गुठळी झाली, तर लेट्रोझोलसारखी गोळी आणि इंजेक्शन ही जोडी.

डोस स्वतःहून निम्मा करू नका. ५ मिलीग्रॅमच्या बातम्या मुलाने वाचल्या असतील. तो अभ्यास स्त्रियांमधल्या, आजूबाजूला न पसरलेल्या गाठींचा आहे.

वजनासाठी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. फडावरचं काम यात धरू नका, त्यात थांबणं फार असतं. लिपिड आणि लिव्हरच्या तपासण्या आत्ता करून घ्या. टॅमॉक्सिफेनने ट्रायग्लिसराइड आणि फॅटी लिव्हर वाढू शकतं. वर्षातून एकदा डोळे, आणि धूसर दिसू लागलं तर लगेच.

अडीच महिने थांबू नका. कॅन्सर ओपीडीला आजच चिठ्ठी पाठवा: किती गोळ्या सुटल्या, वाफांची रोजची संख्या, दोन्ही पोटऱ्यांचे घेर, चालू औषधांच्या पट्ट्यांचा फोटो, आणि लैंगिक तक्रार स्पष्ट शब्दांत. बीआरसीए तपासणी (स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक जनुकदोष शोधणारी) झाली आहे का, हेही त्यात विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक पुरुषाला ती सुचवायला हवी. बीआरसीए-२ जनुकात दोष निघाला तर उद्या येणाऱ्या मुलाला आणि त्याच्या बहिणींनाही तपासणीबद्दल सांगावं लागेल.