हाफ-लाइफ: पहिला आधी खेळू की सरळ दुसरा? सल्ला हवा

रिकामटेकडा:
मंडळी, सल्ला हवाय. कॉलेजात असताना कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ पोटभर खेळलोय, त्यातला डस्ट टू नकाशा अजूनही डोळे मिटून फिरू शकेन, पण ज्या गेमचा तो मॉड (म्हणजे त्याच्यातच बदल करून बनवलेला गेम) होता तो हाफ-लाइफ मात्र कधी उघडूनसुद्धा बघितला नाही. आता रात्री जेवणं उरकली की तासभर मोकळा मिळतो, तर म्हटलं हे राहिलेलं करून टाकावं. प्रश्न असा की १९९८ चा पहिला भाग आज खेळवतो का, की सरळ २००४ चा दुसराच सुरू करू? यूट्यूबवर बघितलं तर पहिल्यातल्या माणसांची डोकी चौकोनी दिसतात, दुसरा आजही बरा वाटतो. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शिवाय मला असल्या गेममध्ये कधीकधी गरगरतं, आणि पोरगा सातवीत आहे तो बाजूला येऊन बसणारच. कथा कळायला पहिला लागतोच का? स्पॉयलर नको प्लीज.

कीबोर्डवाली:
पहिला आधी. आणि ते कथेसाठी नाही हो, कथा काय दोन ओळीत सांगते: न्यू मेक्सिकोत ब्लॅक मेसा नावाची मोठी प्रयोगशाळा, एक प्रयोग फसतो, भलत्याच जगातले प्राणी आत घुसतात, आणि तुम्ही गॉर्डन फ्रीमन, चष्मेवाला शास्त्रज्ञ, हातात एक पहार. झालं. दुसरा भाग बऱ्याच वर्षांनंतरचा, पृथ्वी कंबाइन नावाच्या सत्तेच्या ताब्यात, आणि तिथे मागचं कोणी काही समजावून सांगत बसत नाही.

पण पहिल्यात हिरवी वीज फेकणारे व्हॉर्टिगाँट नावाचे प्राणी आहेत, दिसले की मारायचे, विचार करायला वेळच नसतो. दुसऱ्यात तेच तुमच्याशी अदबीने बोलतात, मदत करतात. हा एवढा स्पॉयलर चालवून घ्या, दुसऱ्यात तो लवकरच कळतो. पहिला खेळलेल्याला तिथे जे कसंनुसं होतं ते थेट दुसऱ्यावर उडी मारणाऱ्याला होणार नाही, त्याला वाटेल बरे दिसतायत एलियन.

दुसरं म्हणजे उलट क्रम लावला तर पहिला अर्ध्यात सुटतो. दुसऱ्यात ग्रॅव्हिटी गन हातात आली की रेडिएटर, पिंप, करवतीची पाती, जे दिसेल ते उचलून फेकता येतं, मग परत पहिल्याकडे गेलात की हात बांधल्यासारखे वाटतात.

सुरुवातीला ट्राम आहे, काही मिनिटं नुसतं बसून बघायचं, कंटाळून बंद करू नका. त्या काळात बाकीचे गेम पहिल्या सेकंदाला बंदूक हातात द्यायचे, आणि इथे तुम्ही चक्क कामाला उशिरा पोचलेला माणूस.

नागपुरी_तर्री:
ताईंना +१, पण खरी गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. भाऊ, पहिल्यातले सैनिक! प्रयोगशाळा साफ करायला सरकार फौज पाठवते आणि ते लोक असे अंगावर येतात ना की विचारू नका. तुम्ही खोक्यामागे लपून राहिले तर ग्रेनेड टाकून बाहेर काढतात, तुमची वाट बघत बसत नाहीत, एक समोरून गोळ्या घालते तर दुसरा बाजूने येऊन राहिला असते, आणि वॉकीटॉकीवर आपसात बोलतात ते ऐकू येते. सर्फेस टेन्शन नावाचं प्रकरण आहे, धरण, वर हेलिकॉप्टर, मग कड्यावरून जीव मुठीत धरून चालायचं. त्याच्यासारखी मारामारी दुसऱ्यात फार थोड्या ठिकाणी आहे.

दुसऱ्यातले कंबाइनवाले दिसायला भारी, पण बरेचदा समोर येऊन मरून जातात. एवढ्या मोठ्या बजेटचा गेम अन् शत्रू असे ढिले, काहून ते मला आजवर नाही समजलं.

आळशी बोका:
असहमत. म्हणजे सैनिकांबद्दल सहमत पण सल्ल्याबद्दल असहमत. धागाकर्त्याकडे रोज तासभरच आहे आणि तुम्ही त्याला 'ऑन अ रेल' मध्ये रुळांवरून गोल गोल फिरायला पाठवताय, 'रेसिड्यू प्रोसेसिंग' मध्ये सरकत्या पट्ट्यांवर उड्या मारायला लावताय, आणि शेवटी झेन, जिथे हवेत तरंगणाऱ्या दगडांवरून दुसऱ्या दगडांवर टुणटुण. झेन आवडतं असं म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आणि शिडी! पहिल्या भागातला सगळ्यात मोठा व्हिलन शिडी आहे, चढताना नाही तर उतरताना बघा.

दुसऱ्यात असला वैताग कमी आहे, कारण दर थोड्या वेळाने गेमच बदलतो. आधी सिटी १७, पूर्व युरोपातल्या शहरासारखं, ते उभं करणारा आर्ट डायरेक्टर व्हिक्टर अँतोनोव्ह मूळचा सोफियाचा, ते भिंतींच्या पडलेल्या रंगात दिसतं. स्टेशनवर उतरल्या उतरल्या एक पोलीस मुद्दाम कॅन खाली पाडतो आणि तुम्हाला उचलायला लावतो, बस्स, तेवढ्यात अख्खं राज्य कसं चाललंय ते कळतं. मग कालव्यातली होडी, मग रेवनहोम म्हणजे चक्क भुताचा गेम, मग गाडी घेऊन समुद्राकाठचा रस्ता. तिथल्या वाळूत पाय पडला की खालून मोठाले किडे निघतात, म्हणून फळ्या नि भंगार पुढे टाकत टाकत दगडावरून दगडावर जायचं, लहानपणी डोंगर का पाणी खेळायचो तेच, फक्त पाण्यात पडलं तर किडा चावतो. आणि थोडं पुढे गेलं की तेच किडे तुमच्या बाजूने लढायला लागतात. ही एक कल्पना घेऊन दुसऱ्या कुणी पूर्ण गेम काढला असता.

वेळ कमी असेल तर दुसराच. पहिल्याचा सारांश यूट्यूबवर बघ.

कीबोर्डवाली:
बोकोबा, सारांशात ब्लास्ट पिट कसा कळणार? एका खोल विहिरीसारख्या जागेत तीन भलेमोठे शुंडासारखे अवयव आहेत, त्यांना डोळे नाहीत पण कान तिखट. पळालात की मेलात. हळू चालायचं, नाहीतर ग्रेनेड लांब कुठेतरी टाकायचा म्हणजे ते तिकडे ठोकत बसतात आणि तुम्ही निसटता. गोळ्यांनी ते मरत नाहीत, त्यासाठी वरचं रॉकेट इंजिन चालू करायचं, आणि त्याला लागणारं इंधन, ऑक्सिजन, वीज हे सगळं त्याच विहिरीतून ये-जा करत जोडायचं. ही गोष्ट कुणी सांगत नाही, तुम्हीच हळूहळू ओळखता. मला तर दुसऱ्यातल्या कितीतरी कोड्यांपेक्षा हे सरस वाटतं, कारण तिथली निम्मी कोडी 'बघा आमचं फिजिक्स' एवढंच सांगायला ठेवल्यासारखी आहेत, फळीच्या एका टोकाला विटा ठेवा म्हणजे दुसरं टोक वर येईल वगैरे.

झेनबद्दल मात्र बोका बरोबर. तिथे मी कुणालाही अडवणार नाही.

रिकामटेकडा:
बापरे, भांडण लावलं वाटतं मी. ब्लॅक मेसा नावाचा पहिल्याचा नवा रीमेक पण दिसतोय, तो घेऊ का मग? आणि हाफ-लाइफ सोर्स म्हणून अजून एक कुठेतरी वाचलं ते काय?

जुनाट_पेंटियम:
रीमेक छान आहे, चाहत्यांनी बनवलेला, २०१२ ला मॉड म्हणून आला होता, पूर्ण व्हायला २०२० उजाडलं, त्यात झेन नव्याने आणि बराच मोठा केलाय. पण तुमच्या लॅपटॉपला तो जड जाईल, ग्राफिक्स कार्डाशिवाय मजा नाही. मूळचे दोन्ही गेम बिनकार्डाच्या मशिनवर आरामात पळतात.

सोर्सच्या नादी लागू नका. तो २००४ साली पहिल्याला नव्या इंजिनात ढकलून केलेला प्रकार, त्यात चुका राहिल्यात. २०२३ च्या नोव्हेंबरात पंचवीस वर्षं झाली म्हणून गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने मूळ पहिलाच नीट केला, रुंद स्क्रीनवर व्यवस्थित दिसतो, आणि तेव्हापासून ते स्वतःच सोर्सवाला पुढे करत नाहीत. दुसऱ्यालाही २०२४ मध्ये वीस वर्षांचं अपडेट आलंय, एपिसोड वन आणि टू, म्हणजे त्याच्या पुढच्या गोष्टी, त्यातच आहेत. सेलची वाट बघा, दोन-चार वडापावच्या पैशात येतात.

गरगरण्याबद्दल. दुसऱ्यात एफओव्ही (स्क्रीनवर किती रुंद दिसतं तो कोन) मुळात ७५ ठेवलंय, ते सेटिंगमध्ये जाऊन ९० करा, बऱ्याच जणांचं डोकं त्यानेच ताळ्यावर येतं. तरीही होडीचं प्रकरण लांबलचक आहे आणि पुढची गाडी उसळते फार, ते तुकड्यातुकड्यात खेळा, पंखा लावून. पहिल्यात असं वाहन म्हणजे रुळावरची गाडी तेवढी, त्यामुळे त्रास कमी. हेही पहिला आधी खेळायला एक कारण धरा.

नागपुरी_तर्री:
आणि लॅपटॉप हापिसचा असेल तर स्टीम (हे गेम जिथून घेऊन चालवतात ते ॲप) टाकू नका भाऊ, आयटीवाले दुसऱ्या दिवशी बोलावतात.

मजेची गोष्ट सांगू का, तुम्ही कॅफेत ज्या आयकॉनवर क्लिक करून १.६ चालू करायचे ना, ती फाईल एचएल डॉट ईएक्सईच होती. म्हणजे हाफ-लाइफ तुम्ही रोजच उघडत होते.

रिकामटेकडा:
हाहा हे माहीत नव्हतं. लॅपटॉप स्वतःचाच आहे. पोराचं काय करू? आणि डिफिकल्टी कुठली ठेवू, हार्ड?

कीबोर्डवाली:
दोन्ही गेम मोठ्यांसाठीच आहेत, रक्त भरपूर आहे, तेव्हा काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. माझा भाचा साधारण तेवढाच, दुसऱ्यातला डॉग नावाचा रोबो त्याला भयंकर आवडला, तो भाग दिवसा दाखवायला हरकत नाही. रेवनहोम मात्र तो झोपल्यावर. तिथे पाइपवरून सरसर चढून येणारे झॉम्बी आहेत, आणि काळा हेडक्रॅब (डोक्यावर झेप घेणारा प्राणी) चावला की तब्येत सरळ एकवर येते (नंतर आपोआप भरते, घाबरू नका). रात्री त्या पाइपचा आवाज नुसता ऐकला तरी मी हेडफोन काढते.

जुनाट_पेंटियम:
मीडियम ठेवा. पहिल्यात हार्डवर सैनिक नुसते जास्त गोळ्या खातात, हुशार होत नाहीत, उगाच दारूगोळा संपतो. आणि सुरू करायच्या आधी मेनूतला हॅझर्ड कोर्स करून घ्या, वाकून उडी कशी मारायची ते तिथे शिकवतात, ती जमली नाही तर पहिल्या तासातच अडकाल.

आळशी बोका:
मी हरलो असं समजू नका, पण खेळणारच असशील पहिला तर झेन आलं की चीट कोड लाव आणि संपव, कुणी बघत नाही.

रिकामटेकडा:
ठीक, पहिलाच डाउनलोडला लावतो, सेलबिल नाही बघत आता. झेनचं झेनला बघू. सेव्ह आपोआप होतं ना?

नागपुरी_तर्री:
होते, पण भलत्याच ठिकाणी होते. एफ ६ दाबत राहा, पहिल्यात परत यायला एफ ७ अन् दुसऱ्यात एफ ९, हे उलटसुलट करू नका. आणि शिडी दिसली की आधी एफ ६.