मदत हवी आहे: नाणं टाकून चालणाऱ्या गेम मशिनी घ्याव्यात का? हिशेब जमेना

बालाघाटवाला

मंडळी नमस्कार. आमचं अंबाजोगाईत जनरल स्टोअर्स आहे. शेजारचा बारा बाय वीसचा गाळाही आमचाच. सात वर्षं तिथे मोबाईल दुरुस्तीवाला भाड्याने होता, त्याने दिवाळीनंतर गाळा सोडला. तेवढ्यात लातूरचा एक गेम झोन बंद होणार असल्याचं कळलं. मालक पाच जुन्या मशिनी एकदम काढतोय: खेळणी उचलायच्या पंजाची एक, बास्केटबॉलची एक, लहान लेकरांची हलणारी गाडी एक आणि उभ्या कॅबिनेटमधले जुने व्हिडिओ गेम दोन. पाचही मिळून २,८५,०००. टेम्पो, हमाली, वायरिंग आणि किरकोळ दुरुस्ती धरली तर मला ३,२०,००० पर्यंत पडतील.

मालक म्हणतो, "एका मशीनवर दिवसाला शंभर वेळा खेळतात, दहा रुपयांनी हजार झाले. पाच मशिनींचे पाच हजार. दोन-अडीच महिन्यांत पैसे वसूल." माझा पहिला प्रश्न हाच की मग हा बंद का करतोय? त्याचं उत्तर, "मुलगा पुण्याला स्थायिक झाला." असेलही.

मी मुलीला घेऊन लातूरच्याच दुसऱ्या एका गेम झोनसमोर बसून मोजणी केली. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ बास्केटबॉलवर ४१ वेळा खेळ झाला. मंगळवारी त्याच वेळेत ६ वेळा. (मंगळवारी मुलीला आणलं नव्हतं, नाहीतर सात झाले असते.)

आमचं गाव लातूरच्या मानाने लहान. म्हणून मी एका मशीनला सोमवार ते शुक्रवार रोज ८, शनिवारी २० आणि रविवारी ४० धरले. आठवड्याचे १००. पाच मशिनींचे ५,००० रुपये, महिन्याचे साधारण २१,५००. खर्चात पोराचा पगार ८,०००, वीज २,५००, दुरुस्ती २,००० आणि पंजातली खेळणी १,७२० (दहा वेळात एक निघतं असं धरून, खेळणं ४० रुपयांचं). गाळा स्वतःचा, त्यामुळे भाडं नाही. हातात राहतात ७,२८०. म्हणजे ४४ महिन्यांत वसुली.

दोन-अडीच महिने कुठे आणि ४४ कुठे. माझं कुठे चुकतंय का तो फेकतोय? कुणी हा धंदा केलाय का? वडील तर नावच काढू देईनात. व्हिडिओ गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर चक्रीच्या जुगाराचा अड्डा येतो.

धपाटे_दही

वडिलांचं चूक नाही हो. नव्वदच्या दशकात बीडमध्ये आम्ही रुपयाचं टोकन घेऊन मुस्तफा खेळायचो. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते आम्हाला फार नंतर कळलं. पार्लरच्या दारात कुणाचे सर दिसले की अर्धं पार्लर मागच्या बोळातून पळायचं.

एक सांगून ठेवतो. गॅस लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीजवळ मारली की फुकट क्रेडिट पडायचं. तंगूस बांधलेलं टोकन आत सोडून वर ओढून घेणारे कलाकारही होते. तुमच्या अंदाजात ही गळती धरा.

हिशेबवही

दादा, तुमची मोजणी त्या मालकाच्या बोलण्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. एकच मोठी चूक: "गाळा स्वतःचा, त्यामुळे भाडं नाही." मोबाईलवाला किती देत होता?

बालाघाटवाला

६,००० ताई.

हिशेबवही

मग ते ६,००० हा या धंद्याचा खर्च आहे. उद्या दुसरा भाडेकरू ठेवलात तर काहीही न करता ते घरात येतील. ७,२८० मधून वजा केले की उरतात १,२८०. आता ३,२०,००० ला भागा. २५० महिने येतात, म्हणजे वीस वर्षं दहा महिने. तोपर्यंत तुमच्या मुलीची लेकरं त्या गाडीवर बसतील.

हिशेब उलट्या बाजूने करून बघा. जुन्या मशीनचे पैसे दीड वर्षात निघाले पाहिजेत असं मी धरते, कारण त्यानंतर काय मोडेल याचा नेम नाही. १८ महिन्यांत ३,२०,००० म्हणजे दरमहा १७,८०० नफा. त्यात पगार, वीज, दुरुस्ती, भाडं आणि वाढलेली खेळणी मिळवली की गल्ल्यात महिन्याला ३९,००० च्या वर यायला हवेत. दहा रुपयांनी ३,९०० पेक्षा जास्त खेळ, प्रत्येक मशीनवर रोज सरासरी २६. सरासरी म्हणजे मंगळवारीसुद्धा, बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतसुद्धा आणि मेच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं तेव्हासुद्धा. आता तुमच्या गावाकडे बघून सांगा, २६ होतील?

बालाघाटवाला

प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्रात गर्दी होईल, दिवाळीच्या सुट्टीत होईल, सोयाबीनचे पैसे आले की पंधरा दिवस होईल. पण आजूबाजूच्या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. बाजारातली ती पोकळी दुकानात बसूनसुद्धा कळते.

टेस्टर_पेचकस

वीस वर्षं टीव्ही आणि गेम मशीन दुरुस्त करतोय, म्हणून बोलतो. मालकाच्या तोंडाकडे बघू नका, मीटरकडे बघा. नाण्याच्या प्रत्येक मशीनमध्ये गल्ल्याच्या दाराच्या आत एक छोटा आकडेमोजा असतो. जुन्या स्कूटरला किलोमीटरचा असायचा तसा. नाणं पडलं की एक आकडा पुढे. तो शून्यावर आणता येत नाही. आज त्याचा फोटो मागवा, बरोबर सात दिवसांनी त्याच वेळेला दुसरा मागवा आणि वजाबाकी करा. एकूण आकडा मोठा असला तर भुलू नका, तो दहा वर्षांचाही असू शकतो. पडद्याच्या सेटिंगमध्ये दिसणारा हिशेब मात्र पुसता येतो, त्यावर जाऊ नका. मीटरची वायर काढलेली असेल तर काय समजायचं ते समजा.

दुसरं, नाणं. सरळ दहाचं नाणं घेणारी मशीन ठेवायचा विचार असेल तर सोडा. आपल्याकडे अजून दुकानदार दहाचं नाणं हातात धरून वास घेतल्यासारखं बघतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात. पण गिऱ्हाइकाच्या खिशात नाणंच नसेल तर मशीन काय करणार? शिवाय वीसचं नाणंही दहाच्या नाण्याइतकंच २७ मिलिमीटरचं आहे. ते बाराकोनी आणि वजनाला जास्त (८.५४ ग्रॅम, दहाचं ७.७१), पण स्वस्तातला स्वीकारक (नाणं ओळखून आत घेणारा भाग) नीट बसवला नसेल तर चुकतो. पाचच्या नाण्याचे जाड-पातळ प्रकार तर विचारूच नका. म्हणून टोकनच ठेवा. काउंटरवर मोबाईलने पैसे घ्यायचे आणि टोकन द्यायचं. स्वीकारकात नमुन्याचं एक टोकन अडकवून ठेवायचा प्रकार असतो, तोच घ्या. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा.

ते दोन व्हिडिओ गेम मात्र घेऊ नका. आत जुनी काचेची पिक्चर ट्यूब असणार. तिला जास्त दाबाची वीज पुरवणारा एलओटी ट्रान्सफॉर्मर गेला की सुटा भाग शोधण्यात महिना जातो. गेम ज्यात असतो तो सर्किट बोर्ड बदलणं मात्र सोपं आहे. १९८५ पासून ५६ टोकांचा एक ठरलेला जोड चालत आलाय, कित्येक मशिनींत एक बोर्ड काढून दुसरा बसतो. बाजारात एकाच डब्यात शेकडो गेम भरलेले चिनी बोर्डही मिळतात. ते बहुतेक परवान्याशिवायचे असतात आणि आजच्या पोरांच्या खिशात तसेही त्याहून भारी गेम आहेत. त्यांना मोबाईलमध्ये नाही ते पाहिजे. चेंडू फेकायचा, गाडीवर बसायचं, पंजाने काहीतरी ओढून काढायचं.

आणि अर्थिंग! लेकरं घामेजल्या हाताने, अनवाणी, लोखंडी गाडीवर चढतात. स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर करंट गळला की पडणारा ब्रेकर लावल्याशिवाय एकही मशीन चालू करायची नाही. हा खर्च कापण्यातला नाही.

गोदाकाठी

नांदेडहून. पेचकसभाऊ बरोबर बोलायलेत. मी परवान्याचं सांगतो. व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार चालवणाऱ्यांनी हा धंदा आपल्याकडे लई बदनाम केलाय. पेपरात छाप्याच्या बातम्या येतातच. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, पण अजून जोरात आहे. तुमच्या मशीनमधून पैसा किंवा पैशात बदलता येणारी चीज कधीच बाहेर पडली नाही पाहिजे. खेळणं, बस. "टेडी परत घेऊन पन्नास देतो" असं पोराने केलं की तुम्ही गेलात.

सार्वजनिक करमणुकीच्या जागेचं नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये येतं. जिल्हाधिकारी कार्यालयातली करमणूक शाखा आणि तुमचं पोलीस ठाणं, दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन मशिनींची यादी जोडा आणि पोच घ्या. नगरपरिषदेचं वेगळं. जुना राज्याचा करमणूक कर जुलै २०१७ ला जीएसटीत गेला, पण स्थानिक कराचा विषय राहतोच, तो तिथेच विचारा. नुसत्या सेवेचा धंदा वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. तुमच्या दुकानाची उलाढाल मात्र त्यात एकत्र धरतात, तेव्हा दुकानाच्या सीएला विचारूनच पुढे जा.

आणि शाळेच्या वेळेत शटर खाली ठेवा. कायद्यासाठी नाही, गावासाठी.

बालाघाटवाला

सगळ्यांचे आभार. मीटरचं मला माहीतच नव्हतं. फोटो मागवलेत, त्याने जरा आढेवेढे घेतले पण पाठवले. पुढच्या शनिवारी पुन्हा मागवतो.

बालाघाटवाला (नऊ दिवसांनी)

घ्या आकडे. सात दिवसांचा फरक: पंजा २१२, गाडी १३१, बास्केटबॉल ६३, पहिला व्हिडिओ गेम १९, दुसरा ०. शून्याबद्दल विचारलं तर म्हणतो मीटरची वायर निघालीय. पेचकसभाऊ, तुमचं वाक्य आठवून हसलो.

म्हणजे पाचही मिळून ४२५. मी अंबाजोगाईसाठी ५०० धरले होते आणि तो लातूरमध्ये ४२५ वर होता! मुलगा पुण्याला स्थायिक झाला असेलच, पण धंद्यानेही त्याला सोडलं होतं.

तरी २१२ डोक्यातून जात नाही. निम्मी कमाई एकट्या पंजाची. परळी रस्त्यावर ओळखीच्या एकांचं फॅमिली रेस्टॉरंट आहे, बाहेर हिरवळ, झोपाळा, रविवारी नंबर लागतो. ते म्हणतात आणून ठेवा, अर्धे-अर्धे. वीज त्यांची. पोराचा पगार नाही, गाळा भाड्याला मोकळा. मालक पंजा एकटाच द्यायला तयार आहे, ८५,००० म्हणतो. वडीलसुद्धा यावर "बघा" म्हणाले. आमच्या घरात हा होकार असतो.

हिशेबवही

आता गाडी रुळावर आली, पण ८५,००० जास्त आहेत. लातूरचे २१२ तसेच्या तसे इथे झाले असं धरू. महिन्याला ९१२ खेळ, ९,१२० रुपये. दहात एक खेळणं म्हणजे ९१, त्यांचे ३,६४० आधी वजा. राहिले ५,४८०, तुमचे २,७४०. वसुलीला ३१ महिने, तेही दुरुस्ती न धरता. आठवड्याला १२० च झाले तर तुमच्या हातात १,५४० आणि ५५ महिने.

दीड वर्षात वसूल करायचं तर चांगल्या अंदाजातही ५०,००० च्या आसपासच ही मशीन घ्यायची आहे. आणि अर्धे-अर्धे करताना खेळण्यांचा खर्च आधी काढायचा, हे बोलून ठेवू नका, लिहून ठेवा. यातच भागीदाऱ्या मोडतात.

टेस्टर_पेचकस

दहाच्या खेळात चाळीसचं खेळणं दहात एकदा म्हणजे गल्ल्यातले चाळीस टक्के खेळण्यांत गेले. पाव ते तिसरा हिस्सा यावर आणा. ठोक बाजारात २५-३० रुपयांची मऊ खेळणी मिळतात, ती भरा आणि वर दिसायला दोन मोठी ठेवा. पंजाची पकड किती वेळात एकदा घट्ट व्हावी हे आत लावता येतं. पण तीसात एक करू नका. पुण्या-मुंबईत चालेल, तिथे गिऱ्हाईक रोज नवं असतं. तुमच्याकडे तीच शंभर घरं फिरून येणार. दोन रविवारांत लेकरं घरी सांगतील, "ती मशीन खोटी आहे."

धपाटे_दही

लायटरवाली पोरं आता पस्तीस-चाळिशीची झाली, रेस्टॉरंटात लेकरं घेऊन तीच येतील. लक्ष ठेवा.

बालाघाटवाला

त्याला पन्नास सांगितलेत, तो पंच्याहत्तरवर आलाय. पंचावन्नच्या वर मी जाणार नाही, त्याच्या शटरला तसंही कुलूप लागणार आहे. सोमवारी पोलीस ठाण्यात आणि बीडला करमणूक शाखेत अर्ज देतो.

एक शेवटचं विचारतो. रेस्टॉरंटवाले चांगले आहेत, पण गल्ल्याची चावी कुणाकडे ठेवायची? मी आठवड्यातून एकदाच जाणार.

गोदाकाठी

चावी तुमच्याकडं. गल्ला उघडताना त्यांचा माणूस समोर, मीटरचा फोटो दोघांच्या मोबाईलवर आणि टोकन तिथल्या तिथं मोजायचे. फरक आला तर त्याच दिवशी बोलायचं. आणि टोकन विकणारे तेच असतील तर त्यांना दिलेल्या टोकनांचा आकडा वहीत लिहून सही घ्या, रोख तर त्यांच्याच हातात राहणार आहे.

बालाघाटवाला

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या वही घेतो.