वढवाणा तलावावरचे पर्यटन गावाच्या हाती द्यावे का?

रावपुरेकर :
डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, 1910 मध्ये, शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधला गेला आणि 2021 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येणाऱ्या 80 हून अधिक जातींच्या पाणपक्ष्यांना तो आसरा देतो. वडोदऱ्याहून आपण पहाटे जातो, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले रानहंस) पाहतो आणि नाश्त्याला घरी परततो. ज्यांच्या शेताच्या बांधावरून आपण गेलो, त्यांच्या हाती मात्र काहीच पडत नाही. वाटाडे, न्याहारी, मुक्काम आणि प्रवेशशुल्क ही सारी व्यवस्था काठावरच्या गावांच्या समितीकडे असावी आणि रोजच्या पाहुण्यांची संख्याही तिनेच ठरवावी, असे मला वाटते. केरळमधील पेरियार व्याघ्र प्रकल्पात पूर्वी जंगलातून चोरून झाडांची साल काढणारेच 1990 च्या दशकाच्या अखेरीस वाटाडे आणि रक्षक झाले, कारण जंगल टिकण्यात त्यांचा रोजगार होता.

वाडीचा वाचक :
आपला हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. पेरियारला पर्यटक वर्षभर येतात. येथे पक्षी चार महिने असतात, मग उरलेले आठ महिने समितीने काय करावे? उत्पन्न हवे म्हणून ती पाहुण्यांची मर्यादा वाढवत जाईल, आणि माणसांच्या गर्दीने बिचकून उडालेल्या पक्ष्याचे तेवढे खाणे बुडते, हे आपणही जाणता. 2017 च्या पाणथळ नियमांनुसार, ते लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. हा नियम काटेकोरपणे पाळला गेला, तरी पुष्कळ साधेल. पर्यटन वाढवून निसर्ग वाचवण्याची कल्पनाच मला धोक्याची वाटते.

डभोईचा भाचा :
माझ्या मामांची शेती तिकडेच आहे, म्हणून लिहितो. कादंब गव्हाचे कोवळे कोंब खातात. पक्षी पाहायला आलेल्यांना ते दृश्य मनोहर वाटते, मामांना वाटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय तलाव मुळात सिंचनाचा आहे : रब्बीसाठी पाणी सोडले की काठ उघडा पडतो आणि त्या चिखलातच चिखलपायटे पक्षी चरतात, मात्र पाणी फार लवकर उतरले, तर बदकांची जागा आटते. हा तोल ठरवताना शेतकऱ्याला विचारणार नसाल, तर न्याहारीचे पैसे त्याच्या हातावर ठेवून काय उपयोग?

रावपुरेकर :
डभोईच्या मित्राचे म्हणणे मी मान्य करतो आणि माझा प्रस्ताव बदलतो. समितीत शेतकऱ्यांचे बहुमत असावे, शुल्कातून सर्वप्रथम पिकाच्या नुकसानीची भरपाई द्यावी आणि पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर सिंचन व वन या दोन्ही खात्यांनी समितीशी बोलून निर्णय घ्यावा. पाहुण्यांची मर्यादा मात्र हंगामापूर्वीच ठरवून हंगामात बदलू नये. वाडीच्या वाचकांची भीती त्याने बरीच कमी होईल. आठ महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते ते असे : न्याहारी आणि वाटाडेपण हा शेतीला जोडधंदाच राहावा. मुक्कामाची कल्पना मी मागे घेतो. वडोदऱ्याहून पहाटे निघून पोहोचता येते, मग तलावाकाठी खोल्या बांधण्याचे कारणच उरत नाही.

वाडीचा वाचक :
मुक्काम वगळलात, हे उत्तम झाले. भरपाईचे मोजमाप कोण करणार, हे मात्र आधी ठरवा. माझी हरकत तोवर कायम आहे.