सत्काराला नाही म्हणणाऱ्या आप्पांचं काय करावं?

तोफखाना_अमळनेर
राम राम मंडळी. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त. सध्या अमळनेर तालुक्यात कापूस आणि डोकेदुखी पिकवतो.

प्रश्न आमच्या आप्पांचा आहे. आप्पा फौजी नाहीत, रिटायर पोस्टमन. मनीऑर्डरच्या काळापासून कुणाचा पोरगा कुठल्या युनिटात, हे त्यांना सरपंचापेक्षा जास्त ठाऊक. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी लूनावर गावोगाव हिंडतात, एक रुपया घेत नाहीत. फौजी पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर गेली, पण आमच्या म्हाताऱ्यांना लॉगिन कुठलं जमायला? निंदणी-वेचणी करून बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेत नाही. मग आप्पा आजीला ओट्यावर उजेडात बसवतात, मोबाईल तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "माय, डोळा मिचकाव." आजी लाजून पदर पुढे ओढते, की परत पहिल्यापासून.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचे मालक मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, एकाहत्तरची लढाई लढलेले. आजींनी ऐंशी कधीच ओलांडली, तरी फॅमिली पेन्शन होती तेवढीच. नियमाने ऐंशीनंतर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ, पंच्याऐंशीनंतर ३०, नव्वदनंतर ४०. पण पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदात, आजींची जन्मतारीखच नव्हती, आणि नाव लागलेलं माहेरचं. आम्ही एवढे फौजी गल्लीत, एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोस्टमनच्या आलं. आधार, जुनं डिस्चार्ज बुक, सगळं जोडून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्ट केलं, मागे लागून राहिले आणि थकबाकीसकट पैसे आणले. आजी पेढे घेऊन गेल्या तर म्हणे, मला शुगर आहे.

आता आमच्या माजी सैनिक संघटनेला आप्पांचा सत्कार करायचाय, आणि काहींना त्यात स्टेज, फ्लेक्स आणि आमदार हवेत. तारीख १४ जानेवारी धरलीय, माजी सैनिक दिन. जनरल करिअप्पा १९५३ साली त्याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून ती. आप्पांना कुणकुण लागली तर सरळ म्हणाले, "त्या दिवशी मी लेकीकडे, नंदुरबारला." काय करावं?

सुभेदार_चोपडा
जय हिंद हवालदारसाहेब. आमदार राहू द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा कार्यक्रम असतो. तिथे आप्पांचं नाव सुचवा आणि कार्यालयाचं एक पत्र मिळतं का बघा. फौजेत नसलेल्या माणसाला तसं पत्र मिळालं तर त्याची किंमत शालीपेक्षा जास्त.

दुसरं, फ्लेक्स लावलाच तर त्यावर आप्पांचा मोबाईल नंबर छापू नका. आमच्याकडे एका गुरुजींचा छापला होता. भामट्यांनी त्यांचंच नाव सांगून म्हाताऱ्यांना फोन केले, "स्पर्शचं काम आहे, ओटीपी सांगा." लोक विश्वासाने सांगतात ना!

फौजीनी_पोर
दादा, १४ तारीख संक्रांतीची आहे हे तुमच्या संघटनेत एकाही बाईला विचारलं असतं तर कळलं असतं. त्या दिवशी गावभर हळदी-कुंकू. ज्यांची कामं आप्पांनी केली त्यात निम्म्या तरी विधवा असतील, त्या घराबाहेर पडणार नाहीत. माझी आई नाही पडत. शासनाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचं परिपत्रक काढलं, पण आमच्या गल्लीपर्यंत ते पोचायचंय.

एकतर तारीख बदला. नाहीतर मग त्याच दिवशी घ्या, पण तिळगूळ पहिला या बायांच्या हातात द्या आणि आप्पांना त्यांच्याच हातून मिळू द्या. आमदारांच्या हातून नको. आणि आप्पांच्या घरी काकू असतील ना? दाखल्याला येणाऱ्या प्रत्येकाला चहा कोण करतं? त्यांचं नाव तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये नाही.

पांझराकाठचा
शाल का कामनी? कपाटमा पडी राही. आप्पानी लूनाना टायर दखात का कोनी? पैसा गोळा करा, गाडी नीट करी द्या. वरण-बट्टी करा, वांगानी भाजी करा, बठा जेवा. भाषण नको.

तोफखाना_अमळनेर
ताई, बरोबर बोललात. घरी बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणे मी हेच सांगत होते. (सांगत नव्हती, पण असो.)

आज आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, संक्रांतीलाच घ्या, मी येते आणि दुसऱ्या तिघींना घेऊन येते. कार्यक्रम आप्पांच्याच अंगणात, म्हणजे नंदुरबारला पळायची सोय नाही. काकूंना सांगून ठेवलंय, त्या दिवशी चूल आमची. आमदारांचं संघटनेत अजून भांडण चालू आहे, ते मी बघतो. सुभेदारसाहेब, पत्रासाठी सोमवारी जळगावला जातोय.

पांझराकाठचे भाऊ, टायर मीही पाहिले, पार गुळगुळीत. पण जुन्या लूनाचे टायर अमळनेरात मिळेनात. धुळ्यात कुठे मिळतील?